एकतीस कॅसेटी आणि एक वायर

बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात एकतीस मिनी डीव्ही कॅसेटी होत्या. काडेपेटीपेक्षा जराशा मोठ्या. काहींवर माझ्या अक्षरात चिठ्ठ्या, काहींवर आईच्या: "गणपती", "मुंज", "अंगण", आणि तीन-चारांवर नुसतं "बघणे". २००३ ते २००९ ही आमच्या घरातली सहा वर्षं त्या डब्यात होती. २०२४ च्या उन्हाळ्यात ती संगणकावर उतरवली. आधी कॅमेरा घेताना आणि मग हे उतरवताना जिथे जिथे ठेच लागली, ते आकडे घालून लिहिते आहे.

१. बाहेरून येणारा कॅमेरा कुठल्या देशाचं चित्र काढतो ते आधी विचारा.

दादा न्यू जर्सीहून २००३ च्या गणपतीला आला तो मुठीत मावेल एवढा कॅमकॉर्डर घेऊन. त्याआधी मी पाहिलेले व्हिडिओ कॅमेरे लग्नात खांद्यावर असायचे, आणि सोबत दिवा धरणारा एक पोरगा असायचा. हा तर पर्समध्ये जात होता. मी हरखलेच. आरती झाल्यावर पिवळी, पांढरी आणि लाल पिन टीव्हीला लावली, तर बाप्पा कृष्णधवल, आणि चित्र खालून वर पळतंय. वहिनी म्हणाली, "वन्सं, तिकडे तर छान दिसत होतं हो!"

तिकडे दिसणारच होतं. अमेरिकेतला कॅमेरा एनटीएससीचा. सेकंदाला जवळजवळ तीस चित्रं आणि प्रत्येक चित्रात ४८० ओळी. आपल्याकडे पॅल, म्हणजे पंचवीस चित्रं आणि ५७६ ओळी. दोन्हींची कॅसेट मात्र एकच, तसूभर फरक नाही, त्यामुळे दुकानात कॅसेट मागताना काही कळतही नाही.

टीव्ही पुढे बदलला, नव्या टीव्हीला दोन्ही पद्धती चालत होत्या. पण ट्यूबलाइटचं दुखणं राहिलंच. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. आपल्या डोळ्यांना ते कळत नाही. साठच्या ठेक्यावर चालणाऱ्या कॅमेऱ्याला कळतं. कार्यालयात काढलेलं प्रत्येक चित्रण असं फडफडतं की जणू वीज जायच्या बेतात आहे. ज्या कॅमेऱ्यात शटर हाताने एक शतांश सेकंदावर बांधता येतं, त्यात हे पुष्कळ आवरतं. आमच्या इवल्याशा कॅमेऱ्यात ती सोय नव्हती. आकार लहान करताना कंपन्या पहिल्यांदा बटणंच काढतात.

ॲडॉप्टर तेवढा १०० ते २४० व्होल्ट चालणारा होता. चपट्या पिनांना दहा रुपयांचं सॉकेट लावलं आणि भागलं.

२. घड्याळ लावा. पहिल्याच दिवशी लावा.

आम्ही लावलं नाही. म्हणजे दादाने लावलं होतं, न्यू जर्सीचं. त्या दिवाळीतलं अभ्यंगस्नान मी पहाटे पाच वाजता काढलं आहे: पाट, त्याभोवती रांगोळी, पायाखाली फोडलेलं कारीट, मुलगा थंडीने दात वाजवतोय. चित्रणाची नोंद सांगते, आदल्या संध्याकाळचे साडेसात.

ही नोंद पडद्यावर दिसली नाही तरी डीव्ही टेपवर चित्राच्या सोबतीने लिहिली जात असते. उतरवताना चांगला प्रोग्राम तिच्याच आधाराने प्रसंग वेगळे करतो. साडेनऊ तासांचा फरक निदान मिळवता तरी येतो. पुढे कॅमेऱ्यातला घड्याळाचा छोटा सेल गेला आणि आम्हाला ते कळलंच नाही. त्यानंतरच्या नऊ कॅसेटींत प्रत्येक सण एक जानेवारीलाच आहे. आईच्या केसांवरून, मुलाच्या पडलेल्या दातांवरून आणि भिंतीवरच्या कालनिर्णयचं पान मोठं करून करून मी त्या कॅसेटींची वर्षं लावली. एकीचं अजून लागलेलं नाही.

३. कॅसेट खालून घालायचा कॅमेरा घेऊ नका.

दुकानात उभं असताना ही गोष्ट कुणाच्या ध्यानात येत नाही. कॅमेरा छोटा करायचा म्हणून कॅसेटचं दार खाली नेलेलं असायचं. ट्रायपॉडची पट्टी स्क्रूने बसते तीसुद्धा खालीच. म्हणजे कॅमेरा स्टँडवर आणि कॅसेट संपली, की आधी पट्टी काढा, मग दार उघडा.

नणंदेच्या मुलाची मुंज, डोंबिवलीचं कार्यालय. मातृभोजन सुरू झालं. नणंदेने पहिला घास उचलला आणि पडद्यावर कॅसेटचं चिन्ह लुकलुकायला लागलं. पट्टीच्या स्क्रूला नाणं घालून फिरवायची खाच असते. नाणं कुठून आणायचं? माझ्या अंगावर शालू, यजमान सोवळ्यात, पर्स वधूवरांच्या खोलीत कुलपात. मी हवेत बोटं फिरवून "नाणं, नाणं" अशा खुणा करतेय. गुरुजींनी मंत्र न थांबवता पुढ्यातल्या विड्यावरचा रुपया माझ्याकडे सरकवला. त्या रुपयाने पट्टी सुटली, कॅसेट बदलली, नाणं परत विड्यावर गेलं. तोवर बटूचं जेवण आटोपून तो हात धुवायला उठला होता. घासाचा फोटो आहे, चित्रण नाही.

४. खोक्यावरचा झूमचा मोठा आकडा वाचू नका.

सातशे, आठशे पट असं जे छापलेलं असतं तो डिजिटल झूम. म्हणजे आहे तेच चित्र ताणणं, मैद्याच्या पोळीसारखं. भिंगाचा, म्हणजे ऑप्टिकल झूम किती ते विचारा. दहा पट असला तरी घरगुती कामाला पुरतो. दुसरा मेनूतून बंद करून टाका.

५. एलपीचा मोह टाळा.

साठ मिनिटांच्या कॅसेटवर नव्वद मिनिटं मावतात हे कळल्यावर आम्ही वर्षभर एलपीवर काढलं. कॅसेट दीडशे-दोनशे रुपयांची, तेवढीच बचत. तेव्हा कुणी सांगितलं नाही की साध्या वेगात, म्हणजे एसपीत, टेपवरची एकेक रेघ दहा मायक्रॉन रुंद असते आणि एलपीत पावणेसातच्या आसपास. ज्या कॅमेऱ्याने लिहिलं तो ते वाचतो. दुसऱ्याने वाचलं तर नशीब. आमच्या सात एलपी कॅसेटींपैकी दोन पुढे धड वाचता आल्या नाहीत. चित्रात चौकोनी ठिकऱ्या आणि आवाजात टकटक. एका वर्षात पाच-सहाशे रुपये वाचवले असतील.

६. कोकणात नेत असाल तर कॅमेऱ्याला दमट हवेची सवय होऊ द्या.

माझं माहेर चिपळूणजवळ. जूनमध्ये एसी गाडीतून उतरल्या उतरल्या पाऊस काढायला कॅमेरा बाहेर काढला, तर पडद्यावर सी:२१ आणि सगळं ठप्प. गार यंत्राला दमट हवा लागली की आतल्या फिरत्या ड्रमवर दव धरतं. ओल्या ड्रमला टेप चिकटून फाटू नये म्हणून कॅमेरा स्वतःच संप पुकारतो. इलाज एकच, दार उघडं ठेवून तासभर थांबणं. त्याऐवजी गाडीतून उतरायच्या आधीच कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवला आणि पिशवी घरात जाऊन अर्ध्या-पाऊण तासाने उघडली, तर ही वेळच येत नाही.

कॅसेटींनाही पावसाळा बाधतो. खिडकीतून टेपच्या गुंडाळीच्या कडेला पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी. अशी कॅसेट कॅमेऱ्यात घालायची नाही. एकीची बुरशी हेडला लागते आणि तिथून पुढच्या सगळ्यांना. आमच्या पत्र्याच्या डब्यात बुटांच्या खोक्यांतून निघणाऱ्या सिलिकाच्या पुड्या होत्या. आईने त्या का ठेवल्या ते विचारायचं राहिलं, पण एकतीसपैकी एकीलाच बुरशी लागली.

७. "करून देतो" म्हणणाऱ्याला मूळ कॅसेट देण्याआधी तो नेमकं काय करून देणार ते विचारा.

२००८ मध्ये आम्ही दहा कॅसेटी एका स्टुडिओत दिल्या. कुठल्या ते जाऊ दे. "ताई, सीडी करून देतो, आयुष्यभर बघा." पंधरा दिवसांनी व्हीसीडी मिळाल्या. व्हीसीडीवरचं चित्र म्हणजे ३५२ बाय २८८ ठिपके. आमच्या ७२० बाय ४८० चं चित्र त्यात कोंबलेलं. आईचा चेहरा जवळ आला की गालांचे चौकोन होतात.

तेही चालवून घेतलं असतं. त्या भल्या माणसाने आपल्या मनाने सुरुवातीला गुलाबाची फुलं उमलवली, प्रसंग बदलताना बदामाचा आकार आणला आणि सगळा मूळ आवाज पुसून सनई लावली. आमच्या अंगणात आंबे उतरवतायत, आई माडीवरच्या कुणालातरी हाका मारतेय, आणि मागे सनई. मी तक्रार केली तर म्हणाला, "ताई, बॅकग्राउंडला फार कलकलाट होता."

दहापैकी एक कॅसेट त्याने तशीच परत दिली. वर पेन्सिलीने लिहिलं होतं, "ब्लँक". ती मी डब्यात परत टाकली. त्याबद्दल शेवटी.

८. कॅमेरा घेताना त्यातून चित्रण बाहेर कसं येतं ते बघा.

खरं तर हा पहिला मुद्दा व्हायला हवा होता. आम्ही दुकानात भिंग बघतो, पडदा फिरवून बघतो, हातात कसा बसतो ते बघतो. आत जायच्या वाटेची सगळी चौकशी करतो आणि बाहेर यायच्या वाटेची एकही नाही.

मिनी डीव्ही कॅमेऱ्याला दोन तोंडं असायची. एक यूएसबीचं, ओळखीचं. ती वायर खोक्यात मिळायची, म्हणून सगळ्यांनी आधी तीच लावली. चित्र आलं पोस्टाच्या तिकिटाएवढं आणि तेही अडखळत. कारण साधं आहे. डीव्हीचं चित्रण सेकंदाला २५ मेगाबिट धावतं आणि आमच्या कॅमेऱ्यातलं जुनं यूएसबी जास्तीत जास्त १२ मेगाबिट वाहून नेणारं. घागरीतलं पाणी स्ट्रॉने काढण्यातला प्रकार. दुसरं तोंड चार पिनांचं, नखाएवढं, वर डीव्ही लिहिलेलं. ते फायरवायर. ४०० मेगाबिटची वाट. त्याची वायर खोक्यात नव्हती आणि आमच्या संगणकाला ते भोकही नव्हतं.

२०२४ मध्ये भाच्याने हे काम हातात घेतलं तेव्हा फायरवायर हा शब्दच त्याला मी शिकवला. त्याने लगेच ऑनलाइन शोधून एका टोकाला फायरवायर आणि दुसऱ्या टोकाला यूएसबी अशी दीडशे रुपयांची वायर मागवली. दिसायला सुरेख. चालली नाही, चालणारच नव्हती. दोन्हींची भाषा वेगळी, नुसतं तोंड जोडून बोलणं होत नाही. त्याच्या नव्या लॅपटॉपला तर कार्ड घालायची जागाच नाही. मॅकवर दोन-तीन जोडण्या एकापुढे एक लावून जमायचं, पण २०२५ मध्ये आलेल्या टाहो या आवृत्तीने फायरवायरला घराबाहेर काढलं. आम्ही थोडक्यात वाचलो.

शेवटी माळ्यावरचा जुना डेस्कटॉप उतरवला. लॅमिंग्टन रोडला फायरवायरचं पीसीआय कार्ड मिळालं, चार पिन ते सहा पिन वायरही मिळाली. आता कॅमेरा. आमचा २००९ मध्येच बंद पडलेला, दार उघडायला लागलं की कण्हायचा. त्याच गल्लीत एक जुना मिनी डीव्ही कॅमेरा घेतला, ठणठणीत. घरी येऊन कॅसेट घातली, पडदा निळा. परत पहिला धडा! कॅमेरा पॅलचा, कॅसेटी एनटीएससीच्या. काही पॅल कॅमेरे एनटीएससीची कॅसेट वाचतात, हा वाचत नव्हता. दुकानदाराची यात काही चूक नाही. मी आपली एक कॅसेट सोबत नेऊन लावून बघितली असती तर दोन मिनिटांत कळलं असतं.

दादाला फोन केला. म्हणाला, "अगं, इथे कुणाच्याही गॅरेजमध्ये सापडेल." सापडला एका गॅरेज सेलमध्ये, आणि पुण्याला येणाऱ्या एका काकूंच्या बॅगेतून, बदाम-पिस्त्यांच्या पिशव्यांमधून मुंबईत उतरला. म्हणजे वीस वर्षांनी पुन्हा न्यू जर्सीहूनच.

९. एक तासाची कॅसेट उतरायला एक तासच लागतो.

भाच्याचा यावर विश्वास बसेना. त्याच्या लेखी कॉपी म्हणजे कॉपी. पण टेप वाजतेय त्याच वेगाने आकडे संगणकात जातात. एक तास म्हणजे जवळजवळ १३ जीबी. २००३ मध्ये घरच्या संगणकाची हार्ड डिस्कच ४० जीबीची होती, तेव्हाच का नाही उतरवल्या याचं उत्तर तिथेच आहे. आता एकतीस कॅसेटींचे ४०० जीबी एका खिशातल्या डिस्कमध्ये बसले.

आमची पद्धत अशी बसली. आधी ड्रम साफ करायची कोरडी कॅसेट, दहा सेकंद, त्याहून जास्त नाही, ती टेप खरवडते. मग आपली कॅसेट शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे, वर्षानुवर्षं आवळलेली गुंडाळी सैल व्हावी म्हणून. कॅमेरा ॲडॉप्टरवर, बॅटरीवर नाही. वायर लावताना कॅमेरा बंद. सहा पिनांच्या टोकातून वीज येते, ते उलटं दडपून घातलं तर पोर्ट जळू शकतो. संगणकाची झोप बंद करायची, नाहीतर चाळिसाव्या मिनिटाला तो डुलकी घेतो. मध्ये पॉज दाबून ठेवायचं नाही. आत ड्रम मिनिटाला नऊ हजार फेरे घेत असतो आणि तुम्ही थांबलात की त्याच जागी घासत राहतो.

प्रोग्राम विनडीव्ही नावाचा, फुकटचा, एवढासा. तो रंगरंगोटी काही करत नाही, टेपवरचे आकडे जसेच्या तसे फाइलमध्ये ठेवतो, तेच हवं होतं. आमच्या पहिल्या चार कॅसेटी मात्र वीस मिनिटांच्या आतच थांबत होत्या. दोन संध्याकाळी वाया गेल्यावर कळलं की जुनी डिस्क फॅट ३२ पद्धतीची, तिला ४ जीबीहून मोठी फाइल चालत नाही. एनटीएफएस केल्यावर निमूट चालली.

या मूळ फाइली तशाच दोन डिस्कवर ठेवल्या, एक माझ्याकडे आणि एक दादाकडे. बघायला आणि वाटायला वेगळ्या एमपी४ केल्या. त्या करताना डीइंटरलेस नावाची खूण करायची. नाहीतर हलणाऱ्या हाताला कंगव्यासारखे दात दिसतात. आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेली प्रत ही प्रत नव्हे.

१०. कार्डाचे कॅमेरे सोपे, म्हणूनच जास्त घातक.

२०१० मध्ये आम्ही कार्डावर चालणारा घेतला. टेप नाही, तासभर थांबणं नाही. मधल्या काळात नणंदेने छोट्या डीव्हीडीवर चित्रण करणारा घेतला होता, त्याबद्दल एवढंच सांगते की चकती भरल्यावर "फायनलाइज" केल्याशिवाय ती दुसऱ्या प्लेयरवर लागत नाही. तिने अकरा चकत्या न करता ठेवल्या आणि कॅमेरा पडला.

कार्डाचा आमचा एव्हीसीएचडी होता. त्यात एमटीएस नावाच्या फाइली तीन फोल्डरच्या पोटात असतात. त्या तेवढ्या उचलल्या की तारखा आणि लांब चित्रणाचे जोड हरवतात. वरचं अख्खं फोल्डरच उचलायचं. आमच्या यजमानांनी भाचीच्या बारशाचं चित्रण असंच "कट" करून चिकटवलं. मध्येच वायर हलली आणि घाबरून त्यांनी कार्ड फॉरमॅट केलं. "कट" कधी करायचं नाही, "कॉपी"च. दोन्हीकडच्या फाइलींची संख्या आणि वजन जुळलं की मग कार्ड पुसायचं, तेही दुसऱ्या दिवशी. बारशातलं आता फक्त "कुणी गोविंद घ्या"पर्यंतचं आहे, नाव ठेवलं ते नाही.

११. काळी कॅसेटसुद्धा शेवटपर्यंत उतरवा.

स्टुडिओवाल्याची "ब्लँक". भाचा म्हणाला, "मावशी, ही राहू दे, तासभर उगाच जाईल." मी म्हटलं, लाव. पडदा काळा. पण खालची आवाजाची हिरवी पट्टी हलत होती. भिंगावरची टोपी काढायचीच राहिली होती, बहुधा माझ्याकडूनच, आणि कॅमेरा माहेरच्या ओटीवर बावीस मिनिटं चालू राहिला होता.

आम्ही आवाज वाढवला. विळीची टकटक, कैऱ्यांची. मागे कोंबडा, वेळ दुपारची असावी तरी. कुणीतरी मीठ किती विचारतंय. आई मोजत होती, "सत्तावीस, अठ्ठावीस... ही डागी आहे, बाजूला ठेव." मग पावलं जवळ आली आणि तिचा आवाज एकदम मोठा झाला, कॅमेऱ्याच्या अगदी तोंडाशी, "अगो, ह्याचा लाल दिवा लागलेला आहे. चालू आहे का ते? बंद कर हो, फुकट जात्ये तुझी कॅसेट."